बांगड्या ऐकू येणारी वायर

आमचे घरमालक वायर चाटून बघत. घोडेगावला माझी बदली झाली आणि खोली बघायला म्हणून मी त्यांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा ते गल्ल्यामागे डोळे मिटून बसले होते आणि तांब्याच्या तारेचं टोक जिभेवर फिरवत होते. गृहस्थ काही औषध घेत असतील असं समजून मी पायरीवरच थांबलो. त्यांनी सावकाश डोळे उघडले, तार बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ह्याच्यात जस्त हाय. तुमाला कोन पायजे?"

गावात सगळे त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण त्याला इतक्या पिढ्या लोटल्या होत्या की शेठची भाषा पुरती घोडेगावची झाली होती. मारवाडी ते फक्त काकींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, भांडताना बोलत, आणि हरायला लागले की मराठीवर येत. मी पाटबंधारे खात्यात, बिनलग्नाचा, आणि त्यांच्या दुकानावरची खोली रिकामी. नव्वदच्या दशकाची शेवटची चार-पाच वर्षं मी तिथं काढली. खोली चांगली होती. फक्त दुपारी डोळा लागला की खालून हाक येई, "सायेब, जरा खाली या. कान पायजेत तुमचे."

ही वायर कसली ते आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस वेडा होता असं वाटेल. दुकानामागच्या खोलीत शेठचा कॅसेट डेक होता आणि पुण्याहून सुटे भाग आणून जुळवलेला ॲम्प्लिफायर होता. डेकमधून ॲम्प्लिफायरमध्ये आवाज नेणारी, दोन्ही टोकांना पिना लावलेली हातभर वायर लागते. कुठल्याही रेडिओच्या दुकानात ती तयार मिळते, आणि जगातली बाकी माणसं ती जोडून गाणी ऐकायला बसतात. शेठचं म्हणणं होतं की तयार वायर आवाज खाते. डेक चांगला, ॲम्प्लिफायर चांगला, कर्णे चांगले, मग आवाजातला बारीक भाग जातो कुठे? मधली वायर खाते. म्हणून ती घरी करायची. आणि घरी करायची म्हटल्यावर तांबं कुठलं, त्यावर गुंडाळायचं काय, पिळायची किती, हे सगळं ठरवणं आलं. मी सिव्हिलचा माणूस, विजेशी माझा संबंध फ्यूज बांधण्यापुरता. पण सरकारी इंजिनियर आहे एवढ्यावर शेठनी मला पंच नेमलं होतं.

त्यांच्या कानाबद्दल मात्र कुणी चेष्टा करत नसे. भांडं विकण्याआधी शेठ ते डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरत आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्यावर मारत. पितळ कसलं, पत्रा कुठे पातळ झालाय, डाग कुठे दिलाय, हे त्यांना नादावरून कळे. बारीक चीर असली की नादाच्या मागून एक करकर येते म्हणत. "ती आली की भांडं परत. मंग त्ये सोन्याचं असंना." बाया हंडा-कळशी घ्यायला मंचरच्या मोठ्या दुकानात न जाता शेठकडे येत त्या ह्या एका बोटासाठी. लग्नाच्या भांड्यांवर नावंही ते स्वतःच घालत. नाव घालायचं ते मशीन घूं घूं करत असे आणि अक्षर वळणदार यावं म्हणून शेठ त्याच्यावर इतके वाकत की कान मशीनला टेकायचा तेवढा राही.

वायरीची परीक्षाही एकच. त्यांच्याकडे एक कॅसेट होती. घरात टेपरेकॉर्डर नवा आला होता तेव्हा काकींनी म्हटलेलं एक जैन स्तवन त्यांनी त्यावर भरून ठेवलं होतं. काकी तरुण, आवाज लाजरा, मांडीवर हात मारून ताल धरलेला. त्या तालाबरोबर काचेच्या बांगड्या वाजत. अगदी हलक्या. नवी वायर तयार झाली की शेठ ती कॅसेट लावत, पहिलं कडवं झालं की माझ्याकडे वळत आणि विचारत, "बांगड्या आल्या का?"

मला दर वेळी यायच्या. घरच्या वायरीतून यायच्या, दुकानातल्या वायरीतून यायच्या, एकदा घाईत सायकलच्या ब्रेकच्या तारेचा तुकडा लावला होता त्यातूनही यायच्या. मी तसं सांगे. शेठ मान हलवत. "तुमी भाडेकरू. तुमी मालकाचं मन राखनार." मग वायर सोडवून परत पहिल्यापासून सुरुवात. स्वयंपाकघरातून काकी म्हणत, "मी घरात जिवंत हाय. बांगड्या हातात हायेत. ऐकायच्या तर इकडं या की." त्यावर शेठ म्हणत, "त्या येगळ्या," आणि ह्या एका वाक्यावर संसारातलं केवढं भांडण होऊ शकतं ते मी वरच्या खोलीतून ऐकलेलं आहे.

तांब्यापासून सांगतो. आधी टेलिफोनच्या जुन्या तारा झाल्या. मग शेठच्या मनात आलं की हल्लीचं तांबंच खरं नाही. मोडीत आलेलं एक जुनं घंगाळ त्यांनी वितळवायला दिलं आणि सोनाराकडून भोकाभोकांच्या पट्टीतून त्याची तार ओढून आणली. सोनार बिचारा आयुष्यभर सोन्याचांदीची तार ओढणारा, घंगाळ बघून त्याने दोनदा विचारलं की नक्की ना. ती तार शेठनी भांड्याला लावतात तशी चिंच-मीठ लावून घासली, कारण तांबं स्वच्छ करायचं म्हणजे चिंच, हे त्यांच्या रक्तातच होतं. तार लखलखली. वर त्यांनी काकींच्या पिंजलेल्या कापसाचं सूत गुंडाळलं, आणि काकींनी तीन पदरांची वेणी घालून दिली. दिसायला इतकी सुंदर वायर मी आजवर पाहिली नाही.

पण चिंच ती चिंच. भीमाशंकरच्या बाजूने पावसाळी हवा आली, सुताने ओल धरली आणि आत तार कळकली, हिरवी झाली. एका दुपारी स्तवन चालू असताना त्याच्या मागून कुणीतरी हळू आवाजात बोलू लागलं. आम्ही दोघं पुढे वाकलो. वायर रेडिओ पकडत होती. काकींच्या लाजऱ्या आवाजामागे एक गृहस्थ गंभीरपणे कांदा-बटाट्याचे बाजारभाव सांगत होते. मी हसून हसून पोट धरलं. शेठना हसू आलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत भाव ऐकून घेतले आणि म्हणाले, "बटाटा उतरलाय."

त्यावर त्यांनी काढलेला उपाय भांडीवाल्यालाच सुचेल असा होता. तांबं कळकतं तर त्याला कल्हई करायची. कल्हईवाला दारात भाता घेऊन बसला होता, त्याच्यापुढे शेठनी तारेची गुंडाळी ठेवली. त्याने ती उलटून पालटून बघितली. "शेठ, कल्हई करतो मी. पर ह्येच्यात शिजवनार काय तुमी?" शेठनी शांतपणे उत्तर दिलं, "भजन." पुढे पुण्याच्या एका जाणकाराकडून मला कळलं की तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा खरोखरच देतात. शेठना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. जगाला उशीर झाला, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

हाच पुण्याचा जाणकार एकदा घोडेगावला आला होता. त्याने वेणीची वायर हातात घेऊन वाखाणली आणि सांगितलं की सुताऐवजी रेशीम वापरा, रेशमासारखं काही नाही, आवाज मोकळा होतो. शेठचे डोळे चमकले. मला वाटलं, आता काकींच्या शालूवर संकट आलं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी वायर त्याच्या हातातून काढून घेतली. "कोष उकळत्यात ना रेशमाला? आतल्या किड्यासकट?" पाहुणा म्हणाला, हो, पण ती तर एवढीशी तार. शेठ म्हणाले, "ती बाई त्यात देवाचं म्हनती. किडं उकळून त्ये ऐकायचं न्हाई आपल्याला. कमी आला आवाज तर कमी येऊ दे." बांगड्यांसाठी घंगाळ वितळवणारा माणूस तिथे थांबला. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा चेष्टेपलीकडे काही वाटलं ते तेव्हा.

आता बबनभाऊ. शिनोलीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेठ आणि ते एका वर्गात होते. शेती थोडकी, पोट चालायचं ते विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी तांब्याची नवी तार गुंडाळून भरून देण्यावर. बाजाराच्या दिवशी बबनभाऊ घोडेगावला येत, शेठच्या दुकानाच्या पायरीवर बसत आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली तार काढत. वेगवेगळ्या जाडीची, नवी. "ही बघा शेठ, अशी तार तुमी चाटली बी नसंल." दोघं मग दुपारभर तारेबद्दल बोलत. ऐकणाऱ्याला वाटावं मुलीचं स्थळ बघताहेत.

त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला होता. बबनभाऊंनी नव्या रिळाची तार आणली होती. शेठनी तिची वायर केली, कॅसेट लावली, मला बोलावलं. मी सांगितलं, बांगड्या आल्या, स्वच्छ आल्या. शेठनी आवाज वाढवला. पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, मग लाल झाला. वायर उपटून ते तडक पायरीवर गेले. तिथे बबनभाऊ होते आणि बाजाराला आलेले चार-सहा शेतकरी होते.

"बबन, ही तार जळक्या मोटारीची हाय."

"न्हाई शेठ. तुमच्यासमोर रिळाचा कागद फाडला की."

"मंग बांगड्या कुटं गेल्या? जुनी तार धुऊन पुसून देतोस व्हय लोकांस्नी?"

बबनभाऊ पायरीवरून उठले. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली, पिशवी उचलली आणि गेले. बांगड्यांचं बाकीच्यांना काही कळलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच, की बबन जळकी तार वापरतो, आणि हे त्याचा शाळेतला मित्र सांगतोय, ज्याच्या परीक्षेवर आख्खा तालुका भांडी घेतो. ऐन उन्हाळ्यात मोटार बंद पडली तर उभं पीक जातं. अशा वेळी कोण धोका पत्करणार? लोक मोटारी मंचरला न्यायला लागले.

डिंभ्याच्या कालव्यावर जाताना माझा रस्ता शिनोलीवरून. बबनभाऊंच्या दुकानासमोर एरवी मोटारी ओळीने पडलेल्या असत. त्या उन्हाळ्यात तिथे कोंबड्या फिरत होत्या आणि बबनभाऊ पालथ्या डब्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. मी थांबलो तर म्हणाले, "शेठ बरं हायेत ना?" मी परत येऊन शेठना सांगितलं. बबनभाऊंचं दुकान बसतंय, तुमच्या एका शब्दाने बसतंय, हेही सांगितलं. शेठ म्हणाले, "मी ऐकलं त्ये बोललो." मला त्यांचा राग आला, आणि बरेच दिवस मी खालून हाक आली तरी झोपल्याचं सोंग घेतलं.

त्याच सुमाराला काकी आठवडाभर जुन्नरला भावाकडे गेल्या होत्या. त्या परत यायच्या आधी एक बाई दुकानात आल्या आणि त्यांनी पिशवीतून कळशी काढून गल्ल्यावर ठेवली. मुलगी बोरी बुद्रुकला दिलेली, कळशी तिच्या लग्नातली, काकी गेल्यानंतर शेठनी वाजवून दिलेली.

"पयल्याच दिशी सासरी पानी गळलं, शेठ. सासू म्हनली, म्हायेरावरनं फुटकंच आनलंस व्हय. पोरगी रडत व्हती."

शेठनी कळशी बोटांवर तोलली आणि पेर मारलं. "चोख हाय की."

"आवो काय चोख? करकर ऐकू येतीया."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. मलाही येत होती, कुणालाही आली असती. मी मान हलवली. त्यांनी कळशी कानाशी नेली, पुन्हा वाजवली, दुसऱ्या कानाशी नेली. मग खाली ठेवली आणि बाईंना म्हणाले, "पोरीला माझ्याकडनं नवी. मी न्हेऊन देतो बोरीला. सासूला मी सांगतो." ते खरंच गेले, एसटीने, नवी कळशी मांडीवर घेऊन. पण ती वाजवून घेतली मी.

काकी आल्यावर दोघांचं बोलणं माझ्यासमोरच झालं. शेठनी फक्त विचारलं, "कवापासनं?"

काकी पाट्यावर काही वाटत होत्या. हात थांबवला नाही. "लई दिवस झालं. तुमी वाजवून ठिवलेलं भांडं मी गोदामात परत वाजवते. फुटकं निघालं की मागं सारते."

"सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर माझ्या कानात मळ हाय म्हनाला असता तुमी."

हे अगदी खरं होतं. काकींना गोदामात पळीच्या दांड्याने भांडी वाजवताना मी पाहिलं होतं आणि बायकांची सवय म्हणून सोडून दिलं होतं. मंचरच्या कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की बारीक आणि वरच्या पट्टीतले आवाज शेठच्या कानातून गेलेत, राहिलेत ते जाड आवाज. नाव घालायच्या मशीनवर इतकी वर्षं वाकून बसल्याचा तो परिणाम. बांगड्या, चिमण्या, भांड्यातली चीर हे आता येणार नाही. परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ज्या माणसाची सगळी पत कानावर, त्याचं कसलं सांत्वन करायचं? शेठ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मंजे बबनची तार चोख व्हती." स्वतःच्या कानांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. माझा सगळा राग तिथेच गळून गेला.

पण शिनोलीला ते लगेच गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो. मी गाडी काढली की त्यांना गिऱ्हाईक आठवे. मोठ्या माणसाला माफी मागायला निमित्त लागतं. ते पर्युषणात मिळालं. जैनांच्या त्या व्रताच्या दिवसांत शेठ डेकला हात लावत नसत. शेवटी संवत्सरीचा उपास, आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून सगळ्यांना "मिच्छामि दुक्कडम" म्हणायचं: वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. एरवी शेठ ते बाजारपेठेत एक फेरी मारून उरकत. त्या वर्षी पारणं झाल्या झाल्या ते माझ्या स्कूटरवर मागे येऊन बसले. "शिनोली," एवढंच म्हणाले.

बबनभाऊ दुकानातच होते. शेठ त्यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि रीतीतले शब्द म्हणून झाल्यावर पुढे बोलले. "बबन, तुझी तार चोख व्हती. माझं कान गेल्यात. मी तुला खोटं पाडलं."

बबनभाऊंनी त्यांचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. रागावले नाहीत, पण बसाही म्हणाले नाहीत. "शेठ, हितं कोन हाय ऐकायला? ह्या कोंबड्या? तुमी बोलला बाजारात."

शेठना ते नीट ऐकू आलं नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी बबनभाऊंकडे बघितलं आणि मान डोलावली. परत येताना मी त्यांना सांगू पाहिलं की चार ओळखीच्या लोकांशी हळूच बोलून टाका, हळूहळू सगळीकडे पसरेल. बाजारात सांगायचं म्हणजे आपले कान गेले हेही सांगणं आलं. मग भांडी कोण घेईल? दुकान चालेल कसं? शेठ म्हणाले, "त्याचं चाललं का?"

बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी शेठ दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. डोक्याला टोपी, हात जोडलेले. काकी मागे दारात. पलीकडे मिरच्यांच्या ढिगाजवळ बबनभाऊ उभे होते. त्यांना मी कसंबसं आणलं होतं. कान गेल्यापासून शेठना स्वतःचा आवाज फार लहान वाटे, त्यामुळे ते किती मोठ्याने बोलताहेत त्याचा त्यांना अंदाज नव्हता.

"मंडळी, ऐका. बबनची तार चोख हाय. मी त्याला भेसळवाला म्हनलो त्ये खोटं. माझं कान गेल्यात. माझ्याकडनं भांडं घ्यायचं तर हिच्याकडनं वाजवून घ्या, माझ्या भरवशावर घेऊ नका. बबनकडं मोटार द्या. त्यानं मला कवा खोटी तार दिली न्हाई."

भाजीवाल्या गप्प झाल्या. तराजू थांबले. समोरच्या हॉटेलातले लोक कपबशा हातात घेऊन बाहेर आले. शेठना वाटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी छाती भरून घेतली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. ओरडून ओरडून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बबनभाऊ गर्दीतून वाट काढत आले, पायरी चढले आणि त्यांनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला.

"बास, शेठ. शिनोलीपतूर गेलं."

शेठनी काकींकडे वळून विचारलं, "काय म्हनतोय?"

काकींनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "च्या मागतोय."